कुत्र्याची संध्याकाळची भाकर

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागून कोणी म्हणायला नको, की बाई एका कुत्र्यापायी घरात एवढी काहून भांडली. बावीस वर्षं झाली, मी गावातल्या अंगणवाडीत आहे. लेकरांना वेळेवर खाऊ घालणं हेच माझं काम. साडेदहाला खिचडी म्हणजे साडेदहालाच, त्यात पाच मिनिटं इकडची तिकडं झाली तरी माझं डोकं फिरतं. सकाळी एखादं लेकरू कोपऱ्यात गप बसलं आणि आंबट, पिवळं पाणी ओकलं, की मी त्याच्या आईला पहिलं एकच विचारते, रात्री हे जेवलं होतं का? बहुतेक वेळा आई मान खाली घालते. रडता रडता झोपलं, मग उठवलं नाही, असं काहीतरी सांगते. मी तिला चार शब्द सुनावते आणि लेकराला आधी घासभर खायला देते.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. तरी माझी फसगत झाली, आणि तीही घरच्या माणसाकडून झाली.

ते कुत्रं मला अंगणवाडीच्या मागंच सापडलं होतं. ताटं धुतलेल्या पाण्यातली शितं वेचत फिरायचं. एवढंसं पिल्लू, पाठ तांबडी, पोट पांढरं. नाव असं ठेवलंच नाही. यू यू केलं की पळत यायचं, तेच त्याचं नाव झालं. मी त्याला पदराखाली घालून घरी आणलं तेव्हा आमचे मालक म्हणाले, घरात कशाला, आखाड्यावर राहू दे, राखण होईल. शेतात बैल बांधायला आणि सामान ठेवायला पत्र्याचं शेड आहे, त्याला आमच्याकडं आखाडा म्हणतात. गावापासून तीन किलोमीटर, हट्टा गावाच्या रस्त्याला. मी म्हटलं, राहू दे. पण भाकर मी घालणार, आणि वेळेवर घालणार.

तशी घातली. सकाळी अंगणवाडीच्या आधी एकदा आणि दिवस मावळताना एकदा स्कुटीवर जायची. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर, दोन्ही टाइम. तीन वर्षांत ही वेळ मी चुकवली नाही. गावातल्या बाया हसायच्या. बाईंचं धाकटं लेकरू आखाड्यावर असतं म्हणायच्या. मी म्हणायची, असतं, तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?

मग ऐन हळदीच्या दिवसांत मी पडले. अंगणवाडीच्या नळापाशी शेवाळ होतं, त्यावरून पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. खाटेवरून मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागायची, शेतावर कुठली जाते.

हळदीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खणून काढलेली हळद शिजवतात, आणि मग ती उघड्यावर पंधरा-वीस दिवस वाळत पडलेली असते; एक खेप उचलली की दुसरी पडते, असा महिना-दीड महिना जातो. त्या दिवसांत चोरीचं भेव असतं म्हणून घरचा माणूस आखाड्यावर निजायला जातो. आमचे मालक संध्याकाळी सहाला डबा घेऊन जायचे. सकाळी घरी येऊन आंघोळ, चहा करून नऊला परत जायचे. मी बसल्या जागी चुलीपुढं भाकरी थापायची. त्यांचा डबा वेगळा, आणि कुत्र्याच्या दोन भाकरी एका वेगळ्या फडक्यात, सोबत बाटलीत दूध. सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. सातला मी फोन लावायची, घातली का भाकर? ते म्हणायचे, घातली. कधी म्हणायचे, घातली, चाटूनपुसून खाल्ली, आता शेपूट हलवून राहिलंय. ते ऐकून मला बरं वाटायचं. मोडका पाय घेऊन खाटेवर पडलेल्या बाईला दिवसातून तेवढंच एक चांगलं ऐकायला मिळायचं.

पंधरा दिवस झाले असतील. हळदीच्या कामाला येणाऱ्या दोघी जणी माझा पाय बघायला आल्या. बोलता बोलता एक म्हणाली, बाई, तुमचं कुत्रं रोज सकाळच्याला पिवळं ओकून राहिलं, फेस फेस पडतो तोंडातून.  मालक आले तसं विचारलं. ते म्हणाले, व्हय, ओकतंय चार दिवसांपासून, हळद चाटली असंल.

आणि गंमत अशी की हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आमच्याकडं त्या दिवसांत सगळंच पिवळं असतं. हातांच्या रेघा पिवळ्या, नाल्यांचं पाणी पिवळं, बायांच्या साड्यांचे काठ पिवळे. तिथं कुत्रं पिवळं ओकलं तर माणूस दुसरा विचार कशाला करील? कच्ची हळद पोटात गेली, आतून उष्णता झाली, असं जो तो सांगू लागला. उपायही ठरलेला, लंघन. दोन दिवस पोटाला आराम द्यायचा, वरून नुसतं ताक. मीच सांगितलं मालकांना की त्याला हळदीपासून लांब, लिंबाच्या झाडाला बांधा आणि दोन दिवस काही घालू नका. माझ्या तोंडानं सांगितलं. तेव्हा रात्रीचं पोटात काहीच जात नव्हतं आणि मी वरून लंघन सांगत होते. हे आठवलं की आजही जेवताना घास थांबतो.

लंघनानं ओकणं वाढलं. तिसऱ्या दिवशी मालकांनी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला तर बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता वसमतला न्यायचं. ते म्हणाले, कुत्र्याला काय दवाखान्यात नेतेस, हळदीचे दिवस हायत. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. माझा आवाज ऐकून शेजारचा रिक्षावाला आपणहून बाहेर आला. शेवटी मालक आले, वाटेत आखाड्यावरून कुत्रं घेतलं. माझा प्लास्टरचा पाय रिक्षात आडवा, त्यावर कुत्र्याचं डोकं. हलकंच झालं होतं ते, पूर्वी मांडीवर बसलं की पाय अवघडायचा.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते, पण नीट बघणारे होते. पोट दाबलं, जीभ बघितली, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. मग मला विचारलं, काय खातं, आणि किती वाजता खातं? मी ठणकावून सांगितलं की सकाळी नऊला दोन भाकरी, संध्याकाळी सातला दोन भाकरी, दूध घालून, तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. फक्त आत्ता दोन दिवस लंघन केलं. मी बोलत होते तेव्हा मालक शेजारच्या बाकावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

डॉक्टर म्हणाले, "ताई, सकाळी सकाळी पिवळा फेस येतो तो बऱ्याचदा रिकाम्या पोटाचा असतो. खूप वेळ पोटात काही नसलं की पित्त वर येतं. पण तुम्ही रोज संध्याकाळी घालताय म्हणता, तर मग दुसरं काहीतरी बघावं लागेल."

ते दुसरं काहीतरी म्हणजे यकृत. आधी औषध देऊन बघू, आठ दिवसांत फरक पडला नाही तर रक्त तपासायला नांदेडला पाठवू, तोवर लंघन मात्र बंद करा, असं ते म्हणाले. मी रिक्षात बसून रडले. यकृत म्हटलं की माणूस राहत नाही, हे तर मुकं जनावर. मालक पुढं रिक्षावाल्याजवळ बसले होते. ते मागं वळून म्हणाले, रडू नको, होईल बरं. एवढंच म्हणाले.

कुत्रं परत आखाड्यावर सोडलं. आठ दिवस मी औषधाची बाटली आणि भाकर एका फडक्यात बांधून दिली. आठ दिवस सातच्या फोनवर घातली, घातली असं ऐकलं. कुत्रं काही सुधरेना. मी मनाची तयारी करून राहिले होते की हे आता जातंय, आणि जाताना मला शेवटचं बघायलाही मिळायचं नाही.

आठव्या दिवशी दुपारी आमच्या शेताचे शेजारी आले. वयस्कर मुसलमान गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. बांधाला बांध लागून आहे, आणि दोन्ही घरचं येणंजाणं माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. माझ्या पायाची चौकशी केली, चहा घेतला. उठता उठता थांबले आणि म्हणाले, "बेटी, एक बोलू का? राग मानू नको. हळदीची राखण बराबर व्हायला पाहिजे, मला बी समजतं. पण त्या जनावराला रातच्याला इतकं उपाशी ठेवू नका. पहाटे माझ्या आखाड्यावर येतं, भांडी चाटून राहतं. मी तुकडा टाकत व्हतो, तर तुझा मालक नको म्हणाला. पोट भरलं की निजतं म्हणे."

मी म्हटलं, चाचा, संध्याकाळची भाकर तर रोज जाते.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मला हे माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि बिचारे इतके ओशाळले की पायात चप्पल घालायला त्यांना वेळ लागला. जाता जाता एवढंच म्हणाले की माझं नाव घेऊ नको बेटी, घरात भांडण नको.

ते गेल्यावर आधी मनात आलं, म्हाताऱ्यांची काहीतरी गफलत झाली असेल. माणूस असाच असतो, आपल्या घरचं खोटं वाटायला लागलं की आधी बाहेरच्याला खोटं ठरवतो. मग पीठ मळलं. रोजच्यासारख्या भाकरी केल्या, फडक्यात बांधल्या, बाटलीत दूध भरलं. सहाला मालक आले. मी डबा हातात दिला, वर काही बोलले नाही. ते म्हणाले, आज गप गप काहून? मी म्हटलं, पाय ठणकून राहिला. अर्ध्या तासानं रिक्षावाल्याला हाक मारली आणि आखाड्यावर चल म्हटलं.

दिवस मावळायला टेकला होता. रिक्षा बांधापाशी थांबली, मी काठी टेकत पुढं गेले. मालक पाठमोरे होते. बैलांच्या गव्हाणीत भाकरीचे तुकडे पडले होते आणि दोन्ही बैल मजेत खात होते. मालक फडकं झटकून त्याची घडी घालत होते. ती घडी रोज सकाळी माझ्या हातात यायची, आणि एवढं नीटनेटकं करून आणतात म्हणून मला कौतुक वाटायचं. कुत्रं चार हातांवर बसलं होतं. बैलांच्या तोंडाकडं बघत होतं, जवळ जात नव्हतं. जवळ जायचं नाही हे त्याला शिकवलेलं दिसत होतं.

मी विचारलं, "ही कुणाची भाकर?"

मालक दचकले. मग म्हणाले, "तू काहून आलीस एवढ्या लांब? पाय दुखंल ना."

मी परत तेच विचारलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना त्यांना काही वावगं केलं असं वाटतच नव्हतं. हळद वाळत असली की कुत्र्याला संध्याकाळचं घालायचं नसतं म्हणाले. त्यांचे वडील घालत नव्हते, शिवारात कोणीच घालत नाही. पोट भरलं की कुत्रं निजतं, उपाशी असलं की जरा खुट्ट झालं तरी भुंकतं. सकाळी घालतच होते की, मग उपाशी कुठं ठेवलं? भाकर वाया नको जायला म्हणून बैलांना टाकली. आणि मला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

मी म्हटलं, "कुत्रं जागं राहिलं की तुमी सुखानं निजता, असंच ना?"

 माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण खरं सांगते, भाकरीचा राग मी गिळला असता. शिवाराची रीत आहे, बापाकडून आलेली आहे, कळत नव्हतं म्हणून केलं, असं म्हणून मीच माझी समजूत घातली असती. दुसरीच गोष्ट मला खाऊन राहिली होती.

"दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं की रिकाम्या पोटानं असं व्हतं. तुमी शेजारी बसून ऐकलं. तवा गप काहून बसलात?"

ते म्हणाले, "तू एवढं ठणकावून सांगून राहिली व्हतीस. चारचौघांत तुला खोटं पाडायचं का?"

म्हणजे माझी लाज राखायला गप बसले. मी तिथंच पोत्यावर बसले. त्या दिवशी रिक्षात मी यकृत यकृत करून रडत होते आणि ह्या माणसाला आजार काय आहे ते ठाऊक होतं. औषधाची बाटली रोज घेऊन जात होते. कशाचं औषध? माझ्या तोंडून डॉक्टरला खोटं सांगितलं गेलं, आणि मला वाटत होतं मी जीव वाचवून राहिले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आमच्या. माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी वाईट बोलले नाहीत. पण त्या पोत्यावर बसून मला वाटलं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचं दुखणं कुठं आहे ते तरी कळलं असतं.

मी यू यू केलं. कुत्रं आलं, माझं प्लास्टर हुंगलं, एकदा हात चाटला. मग उठलं आणि जाऊन मालकांच्या पायाशी बसलं. मला ते इतकं लागलं म्हणून सांगू. पण त्याचंही बराबरच होतं. महिनाभर सकाळची भाकर त्याला ज्यांच्या हातून मिळत होती ते तिथं उभे होते. त्याच्या हिशोबी एक दिवस अचानक येणं बंद केलेली बाई म्हणजे मी.

त्याला उचलून रिक्षात घातलं आणि घरी आणलं. मालकांनी अडवलं नाही. रिक्षातूनच डॉक्टरांना फोन लावला आणि जे खरं होतं ते सांगितलं, माझीच चूक झाली असं म्हणून सांगितलं. नवऱ्याचं नाव घेतलं नाही. ते मलाच नंतर आवडलं नाही, पण त्या वेळी जीभ रेटली नाही. डॉक्टर म्हणाले, एकदम पोटभर देऊ नका, आज मऊ भात थोडा थोडा द्या. उद्यापासून दिवसाचं खाणं चार वेळांत वाटून द्या, आणि त्यातलं शेवटचं झोपायच्या आधी. तसं केलं. सकाळी सातला चतकोर भाकर, दुपारी एक, संध्याकाळी एक, निजायच्या आधी परत चतकोर. दुसऱ्या सकाळी थोडा फेस आला. तिसऱ्या सकाळी नाही आला. चौथ्या सकाळी मी अंगण बोटभर बोटभर तपासलं, कुठं काही नव्हतं. नांदेडला जावं लागलं नाही. महिन्याभरात बरगड्या झाकल्या.

हळदही काही चोरीला गेली नाही. राहिलेले दिवस मालक जागले. पुढं हट्ट्याला चहाच्या टपरीवर ते सगळ्यांना सांगू लागले की आमच्या हिनं मरायला टेकलेलं कुत्रं नुसतं वेळेवर खाऊ घालून उठवलं, डॉक्टर बी थक्क झाले. अभिमानानं सांगायचे. लोक मला येऊन सांगायचे, तुमचे मालक तुमचं लई कौतुक करतात. मी चहा ठेवायची. आणि कुत्र्याचं तर बोलूच नका, मोटारसायकलचा आवाज आला की पुढ्यातली भाकर सोडून यांच्याकडं पळतं. त्याच्या मनात काही राहिलं नाही.

माझ्या मनात राहिलं. मला वाटलं होतं भांडले की मोकळी होईन, माझं नेहमी तसंच होतं. पण हे भांडून संपलं नाही.

यंदा दिवाळीनंतर यांना शुगर निघाली. जेवणाची वेळ पाळा, दुपारच्या जेवणाआधी गोळी घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी ते शेतात असतात. डब्याच्या पिशवीत मी गोळ्यांचं पाकीट ठेवते. संध्याकाळी विचारते, ते घेतली म्हणतात, मी बरं म्हणते. मग ते हातपाय धुवायला गेले की पाकीट काढून गोळ्या मोजते. आजवर एकही गोळी जास्तीची निघाली नाही, रोज बराबर निघतात. आणि मोजून तरी काय कळतं म्हणा, गोळी पोटात गेली की कुठं गेली हे पाकीट थोडंच सांगतं. मागच्या आठवड्यात मी मोजत असताना ते टॉवेल घ्यायला मागं आले आणि दारात उभे राहिले. माझ्या हातातल्या पाकिटाकडं बघितलं. खाली बघून टॉवेल घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी परत मोजल्या.